आठवा बिट : सिरिअल तारेवरून जाणारे ‘नाशिक’

देवनागरीच्या संगणकीय इतिहासासंबंधी जे लेखन आजवर झाले, त्याचा भर प्रायः तीन विषयांवर राहिला आहे : अक्षरांचे वळण, कळफलकाची रचना आणि संकेतप्रणाली. अक्षर संगणकातून पडद्यापर्यंत ज्या तारेने जाते ती तार, आणि त्या तारेची मांडणी करणाऱ्या पाच-दहा ओळींच्या आज्ञावली, ह्यांकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा गेलेले नाही. तो अभियंत्यांचा प्रांत, अशी समजूत त्यामागे असावी. वास्तविक १९८० आणि १९९० च्या दशकांत युनिक्स यंत्रांना जोडलेल्या टर्मिनलांवर मराठी मजकूर उमटेल की नाही, ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्याच ओळींत होत असे. त्या ओळींत एक भाषिक गृहीतक दडलेले होते. लिपीला सात बिट पुरतात, हे ते गृहीतक. ज्यांनी ते प्रथम लिहिले त्यांच्या लिपीला सात बिट खरोखरच पुरत होते. म्हणून त्यांना ते गृहीतक आहे हे जाणवलेही नाही. देवनागरी त्या तारेवर आली तेव्हा दोष उघडा पडला.

ह्या विवेचनासाठी ‘नाशिक’ हे एकच नाव उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. त्याच्या लेखनाचा इतिहास दीर्घ आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपैकी अठराव्या लेण्यातील, म्हणजे चैत्यगृहातील, ब्राह्मी लेखात नासिककरांचा निर्देश आहे. १८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा जो खंड निघाला त्यात हेच नाव रोमन लिपीत, दंत्य सकाराने छापले गेले. छिन्नीला किंवा खिळ्याला कोणतेही अक्षर वर्ज्य नसते. नाशिकच्याच करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटांच्या मागील बाजूस पंधरा भाषांतील मूल्यनिर्देश एका पट्ट्यात नांदतात. शाईला त्याची अडचण भासत नाही. विद्युत्‌संकेताचे तसे नाही. तेथे प्रत्येक अक्षराला मोजकीच जागा मिळते, आणि ती किती असावी हे दोन्ही टोकांनी अगोदर ठरवून घ्यावे लागते.

ही जागा मोजण्याची रीत संगणकाहून बरीच जुनी आहे. फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो ह्याने १८७४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला पाच घटक असत. पाच घटकांतून बत्तीस संकेत निघतात आणि रोमन वर्णमाला व अंक मिळून तेवढ्यात मावत नाहीत. म्हणून ‘यापुढे अक्षरे’ आणि ‘यापुढे अंक’ असे सांगणारे दोन पालट-संकेत योजण्यात आले. पालट-संकेत वाटेत हरवला तर पुढचा सगळा मजकूर भलत्याच अर्थाने वाचला जाई. दूरमुद्रकांनी हीच पंचघटक परंपरा पुढे चालविली. प्रत्येक चिन्हापूर्वी एक आरंभ-संकेत आणि नंतर एक विराम-संकेत पाठविण्याची त्यांची रीत सिरिअल पोर्टने जशीच्या तशी उचलली. तारेवरील वेगाच्या एककाला ‘बॉड’ हे नाव बोदोवरूनच पडले आहे.

देवनागरी दूरमुद्रकाचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ ह्या वृत्तसंस्थेने १९५० च्या दशकात देवनागरी दूरमुद्रकांचा उपयोग सुरू केला. तेथे यंत्राच्या दोन्ही टोकांना एकच अक्षरचक्र असल्यामुळे संकेताचा अर्थ दोन्हीकडे सारखाच राही. संगणकाच्या बाबतीत मात्र मधे एक तिसरा वाचक उभा राहतो. तो म्हणजे कार्यप्रणाली. आणि ह्या वाचकाला आपली स्वतःची मते असतात.

अमेरिकेत १९६३ साली सिद्ध झालेली आणि १९६७ साली सुधारलेली आस्की ही संकेतप्रणाली सात बिटांची होती. सात बिटांतून १२८ संकेत मिळतात; त्यांपैकी ९५ मुद्रणयोग्य व ३३ नियंत्रणाचे. पुढे आठ बिटांचा बाइट रूढ झाला, तेव्हा आठवे घर रिकामेच राहिले, आणि रिकाम्या घराचा वापर पॅरिटीसाठी होऊ लागला. सात बिटांतील एकांची संख्या विषम असेल तर आठव्या घरात एक आणि सम असेल तर शून्य घालावयाचे, म्हणजे एकूण संख्या नेहमी सम राहते. ती विषम आढळली तर तारेत कोठेतरी बिघाड झाला असे समजावयाचे. गोंगाट असलेल्या लांब तारांवर ही सोय बरीच उपयुक्त होती. सिरिअल जोडणीचे विद्युत्‌नियम सांगणारे आरएस-२३२ हे प्रमाण १९६० चे आणि त्याची दीर्घकाळ प्रचलित राहिलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. ह्या प्रमाणाने दाब आणि खुंट्या निश्चित केल्या. तारेवरून जाणाऱ्या आठ बिटांचा अर्थ कोणता, हे मात्र त्याने ठरविले नाही. तो निर्णय मांडणीच्या आज्ञावलीकडे गेला.

इंग्रजीत लिपीला आणि अशा आज्ञावलीला एकच शब्द आहे, ‘स्क्रिप्ट’. मराठीत ते दोन वेगळे ठेवता येतात हे बरेच आहे. कारण एका स्क्रिप्टने दुसरीची वाट कशी अडविली हेच येथे सांगावयाचे आहे.

भारतीय लिप्यांसाठी आठव्या बिटाचा विचार कानपूरच्या आयआयटीत झाला. तेथील संशोधनातून सिद्ध झालेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात मांडण्यात आला होता. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ह्या संस्थेची स्थापना झाली, मोहन तांबे तेथे आले आणि ‘जिस्ट’ ह्या नावाने ओळखले जाणारे तंत्र कार्ड आणि टर्मिनल ह्या दोन रूपांत वापरात आले. त्यामागील संकेतप्रणाली म्हणजे इस्की. तिची एक आवृत्ती १९८८ ची असून १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ ह्या क्रमांकाखाली प्रमाण म्हणून मान्यता दिली.

इस्कीची योजना भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पहिले १२८ संकेत आस्कीचे जसेच्या तसे राहू दिले; वरच्या अर्ध्या भागात, १६१ पासून २५० पर्यंत, ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची समान वर्णमाला उच्चारस्थानांच्या परिचित क्रमाने बसविली. मराठीच्या ‘ळ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतील भेद राखण्यासाठी आवश्यक असलेला ‘ऱ’ही वेगळा राहिला. जोडाक्षरे संकेतांत नाहीतच. हलन्ताच्या संकेतावरून ती टर्मिनलाने घडवावयाची. ‘शि’ लिहिताना आधी ‘श’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी पाठविली जाते. वेलांटी डावीकडे नेऊन काढण्याचे काम टर्मिनलाचे. थोडक्यात, लेखनाचा सारा भार टर्मिनलाने पत्करला होता. पलीकडच्या युनिक्स यंत्राला देवनागरी येण्याची गरज नव्हती. नवीन यंत्र विकत घेण्याची गरज नव्हती. होती त्या यंत्रावर, होती त्या तारेवर मराठी चालू शकत होती. यंत्राकडून अपेक्षा एकच होती : आलेला बाइट आठही बिटांसह पुढे जाऊ द्यावा.

नेमकी हीच अपेक्षा पुरी होत नसे. टर्मिनलाची मांडणी युनिक्सवर ‘एसटीटीवाय’ ह्या आज्ञेने आणि लॉगिनपूर्वी चालणाऱ्या ‘गेटी’ ह्या आज्ञावलीच्या कोष्टकातून होत असे. सिस्टिम फाइव्ह परंपरेत ह्या कोष्टकात लिहावयाचा एक लाडका शब्द होता, ‘सेन’. त्याचा अर्थ शहाणी, ठाकठीक मांडणी. दहा-बारा वेगवेगळ्या आज्ञा लिहिण्याऐवजी हा एक शब्द लिहिला की काम भागे. त्या शहाणपणात अनेक आवृत्तींत आलेल्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट कापून टाकण्याची आज्ञाही अंतर्भूत असे. तिचे नाव ‘आय-स्ट्रिप’. तिच्या जोडीला सात बिटांची मर्यादा घालणारी ‘सीएस-७’ आणि पॅरिटी सुरू करणारी ‘पॅर-ईएनबी’ ह्याही बहुधा असत. कोष्टक लिहिणाऱ्याने देवनागरीविरुद्ध काही केले नव्हते. तारेतील कचरा काढण्याची त्याची इच्छा होती, आणि त्याच्या दृष्टीने आठव्या घरात पॅरिटीवाचून दुसरे काही असणे संभवतच नव्हते.

आता ‘नाशिक’ ह्या नावाचे काय होते ते पाहावे. इस्कीत त्याचे पाच संकेत होतात : न १९८, काना २१८, श २१३, ऱ्हस्व वेलांटी २१९, क १७९. आठवा बिट कापणे म्हणजे प्रत्येक संकेतातून १२८ वजा करणे. उरतात ७०, ९०, ८५, ९१ आणि ५१. आस्कीत ह्यांचे वाचन अनुक्रमे एफ, झेड, यू, डावा चौकोनी कंस आणि अंक तीन असे होते. पडद्यावर हे पाच रोमन चिन्हांचे कडबोळे पाहणाऱ्या कारकुनाला वाटणार की टर्मिनल बिघडले, किंवा कळफलक चुकीचा आला. प्रत्यक्षात दोन्ही निर्दोष होते. तार सात बिटांची राहून पॅरिटी तपासली जात असेल तर प्रकार आणखी विचित्र होतो. ह्या पाच संकेतांपैकी काना, श आणि क ह्या तिहींत एकांची संख्या विषम आहे, म्हणून ते तारेतील बिघाड समजून नाकारले जातील. न आणि वेलांटी ही दोन मात्र योगायोगाने सम असल्यामुळे, रोमन वेषात का होईना, आत शिरतील. एकाच शब्दातील काही अक्षरे येतात आणि काही गळतात, असा दोष शोधणे फार कठीण. सगळे बंद पडले असते तर दुरुस्ती लवकर झाली असती.

उलट दिशेचा प्रकार मनोरंजक आहे. यंत्र सात बिट व सम पॅरिटीने पाठवीत आहे आणि टर्मिनल आठ बिटांच्या मांडणीत वाचीत आहे, असे समजा. दोहोंची एकूण लांबी, आरंभ आणि विराम धरून, दहा घटकांचीच असल्यामुळे तारेच्या पातळीवर काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. ‘नाशिक’ हे नाव रोमन मोठ्या अक्षरांत पाठविले तर एन, ए, एस, एच आणि के ह्यांत एकांची संख्या सम असल्याने ती बदलत नाहीत. एकटा ‘आय’ तेवढा विषम आहे. त्याचा क्रमांक ७३. पॅरिटीचा बिट जोडला की तो २०१ होतो, आणि इस्कीत २०१ म्हणजे ‘फ’. इंग्रजी नावाच्या मधोमध देवनागरी ‘फ’ येऊन बसतो. अशा वेळी दोषाचा आळ टर्मिनलावर घेतला जाणे अगदी स्वाभाविक होते, कारण आगंतुक दिसत होती ती देवनागरी.

इथवरच्या उदाहरणांत दोष निदान डोळ्यांना दिसतो. खरा धोका जेथे तो दिसत नाही तेथे आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याचा कारभार मराठीतून चालावयाचा हे त्याने ठरले. भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला. जमिनीच्या नोंदीत हिश्शांना अंक आणि अक्षर मिळून क्रमांक देण्याचा प्रघात सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या हिश्शाचा क्रमांक ‘३क’ आहे आणि त्यातील तीन हा अंक, संविधानाच्या भाषेत सांगावयाचे तर, भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपात लिहिला आहे. त्या अंकाचा आस्की क्रमांक ५१. ‘क’चा इस्की क्रमांक १७९, त्यातून १२८ वजा केले की पुन्हा ५१. आठवा बिट कापणाऱ्या तारेतून गेल्यावर ‘३क’चे ‘३३’ होते. ‘४ख’चे त्याच न्यायाने ‘४४’ आणि ‘५ग’चे ‘५५’. वर्णमालेचा क्रम आणि अंकांचा क्रम ह्या ठिकाणी योगायोगाने हातात हात घालून चालतात. ह्यात कडबोळे नाही, परकी चिन्हे नाहीत, पॅरिटीची तक्रार नाही. एक निर्दोष दिसणारा, वाचता येणारा आणि असत्य असा क्रमांक आहे. शब्द बिघडला तर माणूस थांबतो. अंक बिघडला तर तो पुढे जातो.

शुद्ध देवनागरी मजकूर, देवनागरी अंकांसह, असा कापला गेला तर तो परत मिळविता येतो, ही गोष्ट येथे नोंदवावयास हवी. रिकामी जागा सोडून प्रत्येक चिन्हात १२८ मिळविले की मूळ पाठ सिद्ध होतो. पाठचिकित्सकाला हेवा वाटावा इतका हा नियम निरपवाद आहे. मिश्र मजकुरात मात्र एफ हा मूळचा एफ की ‘न’चा अवशेष, हे संदर्भावाचून ठरविता येत नाही, आणि सरकारी मजकूर जवळजवळ नेहमी मिश्रच असतो.

दुरुस्ती सांगावयास सोपी होती : आठ बिट ठेवावे, पॅरिटी बंद करावी, बिट कापणे थांबवावे. तीन शब्दांचे काम. तरीही ते एका बैठकीत क्वचितच पुरे होई, आणि त्याची कारणे पाहू गेल्यास ती बरीचशी वाक्यरचनेची आहेत असे दिसते.

‘एसटीटीवाय’ ह्या आज्ञेत कर्म अध्याहृत असते. कोणत्या तारेची मांडणी बदलावयाची हे आज्ञेत लिहिले जात नसे. ते आज्ञा कोणत्या तारेला जोडून चालविली आहे ह्यावरून समजून घ्यावयाचे असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आणि बर्कलीच्या परंपरेत ती आज्ञा आपल्या निर्गम-प्रवाहाकडे पाही. सिस्टिम फाइव्हमध्ये तीच आज्ञा आगम-प्रवाहाकडे पाहू लागली. एका बोलीत शुद्ध असलेले वाक्य दुसऱ्या बोलीत गेल्यावर शुद्धच राही, पण त्याचे कर्म बदले. बर्कली धाटणीने लिहिलेली आज्ञावली सिस्टिम फाइव्हवर आणली की ती देवनागरी टर्मिनलाऐवजी मुख्य कन्सोलची मांडणी बदलून मोकळी होई. चूक झाली असा संदेशही येत नसे, कारण व्याकरणदृष्ट्या चूक झालेलीच नसे. दुरुस्ती करणारा तीन शब्द पुनःपुन्हा तपासून पाही आणि ते बरोबरच आढळत; बदलावयाचे असे ते ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, ‘पेक्षा लहान’मध्ये.

दुसरी अडचण काळाची. जुन्या युनिक्सवर तार उघडून धरणारी शेवटची आज्ञावली संपली की तारेची मांडणी पुसली जाई आणि पुढच्या वेळी ती मूळ पदावर येई. म्हणजे मांडणी बरोबर होऊनही दुसऱ्या क्षणी नाहीशी होत असे. ह्यावर जाणत्यांनी काढलेला उपाय मजेदार आहे : मांडणी केल्यावर त्याच तारेवर एक आज्ञावली निजवून ठेवावयाची. ती काहीच करीत नाही. तार हातात धरून झोपते, एवढेच तिचे काम. मुद्रकांच्या तारांसाठी ही युक्ती सर्रास वापरली गेली. टर्मिनलाच्या तारेवर ती पुरत नसे, कारण तेथे मागून ‘गेटी’ येई आणि आपल्या कोष्टकातील शहाणी मांडणी पुन्हा लादे. म्हणून दुरुस्ती सुरुवातीच्या आज्ञावलीत न करता कोष्टकात, आणि त्याखेरीज वापरणाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिन-आज्ञावलीत, अशी दोन ठिकाणी करावी लागे. टर्मिनलाच्या स्वतःच्या मांडणी-पडद्यावरही आठ बिट निवडलेले असावे लागत. मधे मोडेम असेल तर त्याचाही विचार करावा लागे. ह्या साखळीतील एक कडी सात बिटांची राहिली तरी सारे व्यर्थ.

आणि एवढे करूनही बाइट सुखरूप आत आला तरी आतला वाचक त्याला ओळखेल याची शाश्वती नव्हती. सातव्या आवृत्तीपासून प्रचलित झालेल्या बोर्न शेल ह्या आज्ञावाचकाने आठव्या बिटाचा उपयोग स्वतःच्या खुणेसाठी केला होता : अवतरणचिन्हांत आलेल्या अक्षरावर तो आठव्या घरात टिंब दिल्यासारखी खूण करी आणि काम झाल्यावर ती खूण पुसताना देवनागरीही पुसून जाई. पुढील आवृत्त्यांत हे सुधारले. यंत्रे आठ बिटांनी ‘निर्मळ’ आहेत की नाहीत, अशी एक नवी परिभाषाच त्या काळात रूढ झाली.

इस्कीच्या प्रमाणात सात बिटांच्या तारेसाठीही तरतूद होती. आस्कीतील पालटाचे दोन नियंत्रण-संकेत वापरून ‘यापुढे भारतीय लिपी’ आणि ‘यापुढे रोमन’ असे सांगावयाचे. ही बोदोचीच युक्ती, शंभर वर्षांनंतर. ती व्यवहारात फारशी सुखाची ठरण्याजोगी नव्हती. एक पालट-संकेत गळाला की पानभर मजकूर उलटा. शिवाय मजकुराच्या मधूनच वाचावयास सुरुवात केली तर आपण कोणत्या लिपीत आहोत हे कळण्यास मार्ग नाही. आठवा बिट प्रत्येक अक्षराची लिपी त्या अक्षरातच सांगतो. मांडणी सुधारण्याचा त्रास घेणेच श्रेयस्कर, असे जे मत पडले ते योग्यच होते.

नाशिकच्या संदर्भात ह्या प्रकरणाला एक दुसरी बाजू आहे. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींतील यंत्रशाळांत संगणक-नियंत्रित यंत्रे आली आणि त्यांतील पुष्कळ यंत्रे आपले कार्यक्रम सिरिअल पोर्टवरूनच घेत. अशा यंत्रांची परंपरा छिद्रित कागदी फितीची. फितीच्या एका प्रमाणात प्रत्येक ओळीतील छिद्रांची संख्या विषम असावी लागे आणि दुसऱ्यात सम. ह्या सम प्रमाणाचा वारसा म्हणून सात बिट व सम पॅरिटी ही मांडणी अशा यंत्रांवर अगदी सामान्य आहे. तेथे आठवा बिट कापणे हा दोष नव्हे, ती यंत्राची मागणी आहे. कार्यक्रमाच्या टिप्पणीत एक देवनागरी अक्षर आले तरी यंत्र ते नाकारण्याचा संभव. एकाच शहरात, एकाच आकाराच्या खुंट्यांच्या पोर्टवर, एका ठिकाणी जी मांडणी बिघाड ती दुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती ठरत होती. ‘सदोष आज्ञावली’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा कोणत्या मजकुरासाठी सदोष, हा प्रश्न त्यापूर्वी विचारला पाहिजे तो ह्यामुळे.

युनिकोडच्या आगमनाने हा प्रश्न मिटला असे सामान्यतः समजले जाते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला. तारेवर तो मजकूर यूटीएफ-८ ह्या रूपात जातो. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्यांनी १९९२ साली रचली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात आणि तिन्ही बाइटांत आठवा बिट असतो. म्हणजे अवलंबन वाढले आहे, घटलेले नाही. इस्की आणि यूटीएफ-८ ह्यांची ह्या बाबतीत तुलना केली असता एक अनपेक्षित गोष्ट आढळते. इस्कीची वर्णमाला १६१ पासून सुरू होते. १२८ ते १५९ हा पट्टा तिने मोकळा सोडला आहे. परिणामी इस्कीतील मजकुराचा आठवा बिट कापला तरी उरणारा प्रत्येक संकेत मुद्रणयोग्य असतो. मजकूर विद्रूप होतो, परंतु यंत्राला चुकीची आज्ञा जात नाही. यूटीएफ-८ ने हा पट्टा मोकळा सोडलेला नाही. ‘क’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १४९, कापल्यावर ९६, ३६ आणि २१. ह्यांतील २१ हा नियंत्रण-संकेत असून लिनक्स व बर्कली परंपरेत रूढ मांडणीप्रमाणे तो चालू ओळ संपूर्ण पुसून टाकतो. बिट कापणाऱ्या मांडणीत ‘नाशिक’ असे टंकले तर पहिल्या चार संकेतांची विचित्र चिन्हे पडद्यावर येतात आणि ‘क’ येताच ती ओळच नाहीशी होते. ‘ओ’ ह्या स्वराचा शेवटचा बाइट १४७. त्याचे १९ होतात, आणि तो पडद्याला थांबण्याचा हुकूम आहे. एक ‘ओ’ टंकला की टर्मिनल गोठते. इस्कीच्या रचनाकारांनी तो पट्टा आंतरराष्ट्रीय प्रमाणांच्या शिस्तीखातर राखला असला, तरी सात बिटांच्या जगात त्यामुळे मराठीचा अपघात सौम्य झाला, हे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

लिनक्सवर बिट न कापणे हीच प्रारंभिक मांडणी आहे, म्हणून असे प्रसंग आता विरळ. सिरिअल पोर्टच्या आज्ञावलींतील दोषांचे स्वरूपही पालटले. पूर्वी ‘सेट-सिरिअल’ ह्या आज्ञेच्या ओळींत पोर्टचा पत्ता आणि व्यत्यय-क्रमांक लिहावे लागत. ह्या आज्ञेविषयी गैरसमज फार : ती पोर्टला काही सांगते असे पुष्कळांना वाटे, प्रत्यक्षात ती पोर्टविषयी कार्यप्रणालीला सांगत असे, आणि सांगितलेले खोटे असले तरी कार्यप्रणाली ते मान्य करी. काही वितरणांत यंत्र बंद होताना चालू स्थिती आपोआप नोंदवून ठेवण्याची सोय होती. हाताने दुरुस्त केलेली ओळ त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ववत् सदोष झालेली आढळे. यूएसबीच्या सिरिअल जोडण्यांत आता पोर्टचे नावच जोडण्याच्या क्रमानुसार बदलते आणि ते स्थिर करण्यासाठी वेगळे नियम लिहावे लागतात. ते प्रकरण स्वतंत्र आहे.

सात बिटांचे गृहीतक मात्र पूर्णपणे हद्दपार झालेले नाही. लिनक्समध्ये ‘गेटी’चा वारसा चालविणाऱ्या ‘ए-गेटी’ ह्या आज्ञावलीला तार आठ बिटांनी निर्मळ असल्याची ग्वाही देणारा एक स्वतंत्र पर्याय आहे. सिरिअल तारेवर तो लिहिला नाही, तर लॉगिनचे नाव वाचताना ती आलेल्या प्रत्येक बाइटचे आठवे घर आजही पॅरिटीसाठी तपासून पाहते.